कादंबरीला बसायला जागा कुठाय?



या अंकासाठी आम्ही कादंबरीची प्रकरणं मागवली होती. आल्या कविता. गठ्ठाभर. त्यातल्या बऱ्या होत्या त्या मागच्या पानांवर छापल्यात. कादंबरी म्हणून जी पाकिटं आली ती हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि बहुतेकांत पहिलंच प्रकरण. दुसरं नाहीच. एका पोराने तर तळाला लिहून पाठवलंय, 'पुढचं सुचतंय, पण माहिती नाही.' संपादक मंडळात या एका ओळीवर तासभर भांडण झालं. एकजण म्हणाला, आळस आहे. दुसरा म्हणाला, लेखकाला माहिती कशाला हवी, जगणं माहीत असलं की बास. आमचं मत दोघांपेक्षा निराळं आहे आणि ते नीट मांडायचं म्हणून हे संपादकीय नेहमीपेक्षा लांबणार आहे. कंटाळा आला तर कवितांकडे वळा.

प्रस्थापितांचं उत्तर तयारच असतं. दलित लेखकाचा दम तोकडा, म्हणे. तो किंकाळी फोडतो, आत्मकथन लिहितो, अनुभव सरला की लेखकही सरला. कादंबरीला जी अलिप्तता लागते, जो विस्तार लागतो, तो त्याला झेपत नाही. हे बोलणारे लोक खुर्चीत बसून बोलतात, टेबलावर चहा असतो, मागे पुस्तकांचं कपाट असतं, आणि ते कपाट आजोबांच्या काळापासून भरत आलेलं असतं. त्यांना अण्णा भाऊ साठे आठवत नाहीत. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून तीसच्या वर कादंबऱ्या लिहितो. १९५९ साली 'फकिरा' येते, १९६१ साली तिला राज्य पुरस्कार मिळतो. माटुंग्याच्या लेबर कॅम्पातून वर आलेल्या बाबुराव बागुलांची 'सूड' १९७० ची. केशव मेश्रामांची 'हकीकत आणि जटायू' १९७२ ची. उत्तम बंडू तुपे जोगतिणींच्या जगात शिरून 'झुलवा' लिहितात. दम तोकडा होता काय रे यांचा?

पण तेवढ्यावर पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. हिशोब मांडू. १९७२ ला 'गोलपिठा' आला आणि मराठी कवितेचा तळ ढवळून निघाला. १९७८ ला 'बलुतं', १९७९ ला 'आठवणींचे पक्षी', १९८० ला 'उपरा', १९८१ ला 'तराळ-अंतराळ', १९८४ ला 'अक्करमाशी', १९८६ ला 'जिणं आमुचं'. ही रांग कुणीही झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. आता याच दमात आपल्या कादंबऱ्यांची रांग म्हणा. चार-पाच नावांनंतर जीभ अडखळते. का अडखळते, याचं उत्तर समीक्षकाकडे मागायचं कारण नाही. ते आपल्या खोलीत आहे. खोलीच्या मापात आहे.

बी.डी.डी. चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. तळमजला धरून चार मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या. एका खोलीत सहा माणसं, आठ माणसं, गावाकडून कुणी आलं की दहा. कविता इथे होते. लोकलच्या दांड्याला लोंबकळत होते, मोर्चात चालता चालता होते, सिगारेटच्या पाकिटामागे उतरते. उद्या पाकीट हरवलं तरी ती पाठ असते. कादंबरीचं तसं नाही. ती म्हणते, काल जिथे बसला होतास तिथेच आज बस. कालची पानं समोर ठेव. शंभर पानांपूर्वी म्हातारीच्या डाव्या हाताला फडकं बांधलं होतंस का उजव्या, ते बघ. हा वेळ कुठून आणायचा? मिलमध्ये बापाची पाळी तरी ठरलेली असायची, भोंगा व्हायचा, माणूस घरी यायचा. आज पोरगा मोटरसायकलवर दुसऱ्यांची जेवणं पोचवतो, त्याच्या पाळीला भोंगाच नाही. जो जरा शिकला तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पंचविशीपासून तिशीपर्यंतची वर्षं घालतो. घरी आई विचारते, बाबा, हे लिहून काय मिळणार? आई खोटं बोलत नाही. कादंबरीच्या तीन-चार वर्षांत घरात एक पगार कमी येतो, हा हिशोब तिला पक्का कळतो. साहित्यिकांच्या भाषणात हा हिशोब कधी येत नाही. तिथे साधना, तपश्चर्या असले शब्द असतात. अरे, तपश्चर्येला बसायचं तर आधी कुणीतरी घर चालवावं लागतं. शंबूक तपाला बसला त्याचं काय झालं ते माहीत आहे सगळ्यांना.

बाईला तर खोलीतला कोपरासुद्धा मिळत नाही. बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवायच्या. गल्ल्यावर बसून, पुड्या बांधायच्या रद्दीतले छापील कागद वाचत वाचत त्या लिहित्या झाल्या, आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. घरात जयभीम होता, तरी लपवावं लागलं. हे चळवळीतल्या पुरुषांनी दोनदा वाचावं. आपल्या मासिकाकडेही बायांच्या कविता येतात, कादंबरी येत नाही. ज्या बाईला पाणी किती वाजता येणार त्यावर दिवस बांधावा लागतो तिला सलग तीन तास मागणं म्हणजे चेष्टा आहे. तिच्या घरातल्या पुरुषाने ते पाणी भरावं. साधी गोष्ट आहे. क्रांतीच्या गप्पा त्यानंतर.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी बांधलं, हे सगळे सांगतात. त्याच बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी भरवले, कारण पोरांना दिवसा नोकरी करायची होती. म्हणजे जागा आणि वेळ या दोन गोष्टी चळवळीनेच उभ्या करायच्या असतात हे त्यांना ठाऊक होतं. आज आपल्या वस्तीत बुद्धविहार आहे, समाजमंदिर आहे, त्याला कुलूप आहे. चावी अध्यक्षाकडे. जयंतीला उघडतं, लग्नाला उघडतं, लिहायला म्हणून कुणी मागितलं तर अध्यक्ष विचारतात, पंखा-लाइटचं बिल कोण भरणार?

जागेचं झालं. आता 'माहिती नाही' याकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे.

आत्मकथनाला माहिती लेखकाच्या कातडीवर लिहिलेली असते. कादंबरीत दुसऱ्याच्या कातडीत शिरावं लागतं. आपल्या आज्याच्या, पणज्याच्या. समजा, तुला येसकराची पाळी करणाऱ्या माणसावर लिहायचंय. घुंगराची काठी खांद्यावर टाकून तो गावात कोणत्या वेळेला शिरायचा? भाकरी मागायला कुठल्या दारापासून सुरुवात? मयताचा सांगावा घेऊन वीस कोस जाताना वाटेत पाणी कोण द्यायचं? तहसिलाचा खजिना पोचवताना सोबत कोण असायचं? तू पुस्तकं उघडतोस. कॅम्पबेलने काढलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरं आहेत, एन्थोवेनचे जातीजमातींवरचे खंड आहेत, त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ चा 'गाव-गाडा' आहे. आता यातलं बरंचसं मोबाइलवर फुकट मिळतं, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. वाचच. पण वाचताना लिहिणारा कुठे उभा आहे ते बघ. तो चावडीच्या ओट्यावर उभा आहे. महसूल खात्याच्या डोळ्यांनी गाव बघतोय. महार त्याला दिसतो तो राबता करताना, हक्क मागताना, कटकट म्हणून. महारवाड्यात दिवा लागल्यावर माणसं एकमेकांशी काय बोलतात हे त्याच्या कानावर कधी पडलेलंच नाही. बलुत्याची यादी मिळेल, बलुतं घेताना हाताला सुटलेला कंप मिळणार नाही.

मग कागद. वतनाचे कागद, इनामाचे कागद, तंट्याचे निवाडे. ते मोडीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांवर रुमाल बांधून पडलेत. त्यात महारांच्या वतनाचे, मांगांशी झालेल्या हक्काच्या तंट्यांचे कागद असतात. आपल्यात मोडी वाचणारे किती? मोडी आपल्या आज्याला येत नव्हती कारण शाळेत घेत नव्हते. आपल्याला येत नाही कारण शाळेतून ती गेली. दोन्ही वेळा कागद दुसऱ्याच्याच हातात. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणलं, ते वतन कायद्याने गेलं ते १९५८ च्या कायद्यानंतर. ही मधली तीस वर्षं म्हणजे केवढी मोठी कादंबरी आहे! एकाच घरात बाप म्हणतो वतन सोडणार नाही, जमिनीचा तुकडा आहे. पोरगा म्हणतो हीच बेडी आहे. त्यासाठी 'बहिष्कृत भारत'चे अंक वाच. शासनाने त्यांचं पुनर्मुद्रण केलेलं आहे. अग्रलेख तर सगळे वाचतात, तू आतल्या पानांवर खेड्यापाड्यांतून आलेली हकिगतवजा पत्रं वाच. तिथे आपला माणूस आपल्या तोंडाने बोलतो.

सरकारी कचेरीत जाशील तर शिफारसपत्र मागतील. कुठल्या विद्यापीठाचे? पीएच.डी. आहे का? नाही? मग कशासाठी हवंय? कादंबरीसाठी म्हणालास की समोरचा माणूस हसतो. आमच्यातल्या एकाला एका कचेरीत तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळेला फायली मिळाल्या तर अर्ध्या वाळवीने खाल्लेल्या. यात नवल नाही. नवल याचं की तो चौथ्यांदा गेला. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, तो मोर्च्याच्या निवेदनापुरताच वापरायचा असं कुठे लिहिलेलं नाही. पोलीस ठाण्यातल्या, कोर्टातल्या जुन्या कागदांची मुदत संपली की ते नष्ट करतात, म्हणून जे मागायचं ते लवकर मागावं.

कागद उलटाही वाचता येतो, हे अण्णा भाऊंनी दाखवलं. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याच्या कक्षेत माणसं येत गेली, हजेऱ्या सुरू झाल्या, जन्मलेलं पोरसुद्धा जन्मताच संशयित. तो कायदा १९५२ ला गेला. पोलिसाच्या रजिस्टरात जो दरोडेखोर, तोच वाटेगावच्या मुलखातल्या मांगवाड्याच्या आठवणीत दुष्काळात धान्याची कोठारं फोडून गाव जगवणारा फकिरा. अण्णा भाऊंनी रजिस्टराला उत्तर द्यायला कादंबरी लिहिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांचं संशोधन कुठल्या ग्रंथालयात झालं नाही, म्हाताऱ्यांच्या तोंडून झालं. पण ते संशोधनच होतं. ऐकायला बसणं, दोघांच्या सांगण्यातला फरक लक्षात ठेवणं, तिसऱ्याला विचारणं. याला कमी लेखू नका.

शहरातली गोष्ट घ्या. गिरणीवर कादंबरी लिहायची तर साचेखातं आणि रिंगखातं यातला फरक कळायला हवा. साच्यावर पगार जास्त. पण धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि अस्पृश्याच्या उष्ट्या धोट्याला हात कोण लावणार? म्हणून आपली माणसं साचेखात्याबाहेर, रिंगखात्यात. लाल बावटा हाती घेतलेल्या कामगारांनीसुद्धा हे वर्षानुवर्षं चालवून घेतलं. बाबासाहेबांनी युनियनवाल्यांना यावरच जाब विचारला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यावर बरंच लिहिलं गेलंय. पण त्या संपात आपला बाप कुठल्या खात्यातून बाहेर पडला होता, हे लिहायला एवढासा धोटा कळावा लागतो. तोंडाने ओढलेलं सूत. अख्खी जात तिथे त्या भोकात आहे. भाषण करून हे सांगता येत नाही, साच्यासमोर माणूस उभा करावा लागतो.

आणि वरळी. ज्या पोराची ओळ वर दिलीय त्याला वरळीवर लिहायचंय, म्हणून इथे जरा थांबतो.

पँथरच्या पिढीने १९७४ चा जानेवारी पाहिला. मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक, पँथरचा बहिष्कार, ५ जानेवारीची वरळीची सभा, दगडफेक, लाठीमार, मग चाळींमधली दंगल. १० जानेवारीच्या मोर्चावर परळला वरून पाटा टाकला, भागवत जाधव गेला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला. एवढं सगळ्यांना येतं, कारण एवढं दरवर्षी भाषणात येतं. कादंबरी या तपशिलांच्या पुढे सुरू होते. आदल्या वर्षी दुष्काळ होता. गावाकडे सुकडी आणि मिलो खाऊन माणसं मुंबईला आलेली, त्यातली किती त्या ऐंशी खोल्यांत पाहुणी म्हणून राहिली? रॉकेलला रांग होती का? लाटणे मोर्चात आपल्या बाया होत्या का? दंगलीत गच्चीवरून ज्या बाटल्या, जे दगड आले ते आधी वर चढवले कुणी, किती खेपांत? संडास मजल्यावर सामायिक, नळ सामायिक. ज्याच्याशी मारामारी, त्याच्याबरोबर सकाळी डबा घेऊन एकाच रांगेत उभं राहायचं. ते कसं झालं? कर्फ्यूत तान्ह्या पोराला दूध कुणी दिलं? बी.डी.डी. चाळीत पोलिसांचीही बिऱ्हाडं होती. लाठी चालवणारा आणि लाठी खाणारा यांच्या खोल्यांत एक जिना होता की दोन?

यासाठी 'नवाकाळ' बघ, 'महाराष्ट्र टाइम्स' बघ, 'मार्मिक' तर जरूर बघ, शिव्या खाव्या लागल्या तरी बघ. एकाच दिवसाची तीन वर्तमानपत्रं शेजारी ठेवली की कोण काय गाळतंय ते दिसतं. आयोग म्हटला की साक्षी येतात, प्रतिज्ञापत्रं येतात, उलटतपासण्या येतात. न्यायाधीशाचा निष्कर्ष शेवटी वाच, आधी माणसं काय बोलली ते शोध. आणि सगळ्यात आधी माणसं गाठ. १९७४ ला वीस वर्षांचा असलेला पँथर आज सत्तरी ओलांडून बसलाय. चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. २०२५ मध्ये वरळीला नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्याही वाटल्या गेल्या. चांगलं झालं, आपल्या माणसांना लिफ्ट मिळाली, घरात संडास मिळाला. त्यावर नाक मुरडून जुन्या चाळीच्या नावाने गळा काढणारी साहित्यिक जमात आपली नव्हे. पण ज्या गॅलरीत सगळं घडलं ती गॅलरी जातेय. म्हाताऱ्याला त्या गॅलरीत उभं करून विचारलं की त्याला जे आठवतं, ते सोळाव्या मजल्यावरच्या सोफ्यावर आठवणार नाही.

आता एक कडू गोष्ट. वरळीची कादंबरी लिहायची तर समोरच्या चाळीतही जावं लागेल. ज्याने दगड मारला त्याच्या खोलीत. यावर आमच्यातल्याच काहींनी डोळे वटारले. म्हणजे काय, समतोल साधायचा? दोन्ही बाजूंचं म्हणणं? अजिबात नाही. समतोल वर्तमानपत्रवाल्यांनी साधावा. पण तो दगड मारणारा हवेतून पडलेला नाही. तोही गिरणीत होता, त्याचीही खोली एकशे साठ फुटांची, त्याच्याही घरात रॉकेल नव्हतं. मग त्याला कुणी सांगितलं की तुझ्या हलाखीचं कारण नळावर उभा असलेला जयभीमवाला आहे? ते त्याला कसं पटलं? जात माणसाच्या हातात दगड कसा देते हे ज्या पोराला कादंबरीत दाखवता येईल, त्याने शंभर सभांचं काम केलं म्हणायचं. कवितेत शत्रूला शिवी देऊन चालतं. कादंबरीत त्याला जेवायला बसवावं लागतं, त्याची बायको ताटात काय वाढते ते माहीत असावं लागतं.

समोरच्या चाळीपेक्षा अवघड वाट आपल्याच चाळीत आहे. पँथर १९७२ ला उभी राहिली, १९७४ मध्येच फुटली, १९७७ मध्ये बरखास्तीची घोषणा झाली. हे का झालं, विचारून बघा. जो तो आपल्या नेत्याची बाजू सांगतो. विषय वाढवलात तर, 'आपल्यातलं बाहेर काढू नको रे, त्यांना आयतं कोलीत मिळतं.' ही भीती खोटी नाही. आपल्या भांडणांवर पोळी भाजून घेणारे टपलेलेच असतात. तरी आमचं म्हणणं असं की भीती बाळगून कादंबरी होत नाही, स्मरणिका होते. कादंबरीतला नेता सभेत वाघ असेल आणि घरी बायकोवर हात उचलत असेल, तर दोन्ही लिहावं लागेल. महारवाड्यातल्या पोराने कादंबरी लिहिली आणि तीत मांगवाडा एका वाक्यात उरकला, तर मांगवाड्यातला वाचक विचारणार, आम्ही कुठे आहोत? त्याचा तो हक्कच आहे. गटारात उतरणारा सफाई कामगार आमच्या किती कथांत आहे? मोजायला गेलो तर आपल्यालाच लाज वाटेल.

जिथे कागद नाही, जिथे सांगणारा मेला, तिथे काय करायचं? यावर बाबासाहेबांइतकं स्पष्ट कुणी बोललेलं नाही. अस्पृश्य मूळचे कोण यावरच्या १९४८ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच पेच मांडलाय. पुरावा अर्धा नष्ट, दुवे तुटलेले. तेव्हा फुटक्या दगडांवरून नगर उभं करणाऱ्यासारखं, विखुरलेल्या हाडांवरून नाहीसा झालेला प्राणी कल्पिणाऱ्यासारखं काम करावं लागतं, असं ते सांगतात. कल्पनाशक्ती वापरल्याची कबुली देतात, आणि आधाराला घेतात कुणाला, तर मॅक्झिम गॉर्कीला. एका कादंबरीकाराला! बॅरिस्टर, अर्थतज्ज्ञ, घटनाकार माणूस इतिहासाच्या पुस्तकात म्हणतो की हे काम कलेच्याच जवळ जाणारं आहे. मग तुम्हाला आम्हाला परवानगी कुणाची हवीय? फक्त एक लक्षात ठेवा. त्यांनी आधी मिळतील ते सगळे ग्रंथ पालथे घातले, मग उरलेल्या फटीत कल्पना घातली. आपली पोरं आधीच कल्पना घालतात आणि ग्रंथालयाची पायरी दिसली की फुटपाथ बदलतात. १९७८ च्या मराठवाड्यावर आलेल्या एका प्रकरणात पात्राच्या खिशात मोबाइल होता. हसून हसून पुरेवाट झाली, पण वाईट वाटलं. नामांतरासाठी पोचिराम कांबळेने जीव दिला, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत माणसं सोळा वर्षं लढली, त्यांच्या काळाशी इतकी बेपर्वाई बरी नव्हे.

प्रकाशकांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर शाई फार खर्च करावीशी वाटत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाचं हस्तलिखित एका प्रकाशकाने चार महिने ठेवून घेतलं आणि म्हणाला, कादंबरी कशाला, यातलं तुझं स्वतःचं किती? तेवढं वेगळं काढ, आत्मकथा म्हणून खपेल. दुःख जरा वाढव. दुसऱ्याने पैसे मागितले. म्हणजे आमच्या जखमेला बाजार आहे, आमच्या बुद्धीला नाही. आम्ही भोगायचं आणि त्यांनी त्यावर विचार करायचा, ही जुनीच वाटणी नव्या कव्हरात. आत्मकथनं आली, त्यांनी तोंड उघडायला शिकवलं, त्यांचं ऋण आहेच. पण ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात दहा माणसं गोळीने पडली, २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झाली. ही एकेकट्याची आत्मकथा नाही. तिला पंच आहेत, पोलीस आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत, फितूर साक्षीदार आहेत, टीव्हीवाले आहेत. एवढ्या सगळ्यांना एका पुस्तकात बसवणारा प्रकार एकच आहे, आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्यात. पुढच्या अंकापासून सोळा पानं कादंबरीला. क्रमशः. पूर्ण लिहून होईपर्यंत थांबायची गरज नाही, पण पुढच्या तीन प्रकरणांचा कच्चा आराखडा सोबत हवा. हाताने लिहिलेलं चालेल, मोबाइलवर टाइप केलेलं चालेल. भाषा शुद्ध करून पाठवू नका, ती आम्हाला तुमचीच हवीय. ज्यांच्या घरात जुनी पत्रकं, हँडबिलं, सभांचे फोटो, अटकेचे कागद, 'जनता'चे किंवा 'प्रबुद्ध भारत'चे अंक ट्रंकेत पडलेत त्यांनी ते आणावेत. आम्ही फोटो काढून त्याच दिवशी परत देऊ. ठेवून घेणार नाही. चळवळीत कागद घेऊन परत न देणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, ती आम्हाला चालवायची नाही. एका विहाराच्या कमिटीशी बोलणं झालंय, सकाळी सहा ते नऊ हॉल लिहिणाऱ्यांना उघडा राहील. बायांनी पोरं घेऊन आलं तरी हरकत नाही, सांभाळायला आम्ही आहोत. लाइटचं बिल वर्गणीतून. दर महिन्याला एका जुन्या कार्यकर्त्याला बोलावून ऐकायला बसायचं, भाषण नाही, फक्त प्रश्न विचारायचे आणि टेप करायचं. पहिल्या खेपेला वरळीतल्या दोन बाया येणार आहेत, त्या दिवसांत त्या गच्चीवर होत्या.

मोडीचा वर्ग पावसाळ्याआधी सुरू करायचा विचार आहे. शिकवणारा मिळालाय. फळा मिळायचाय.

जयभीम.